मामाचा निळा गेला कुठे

सगळं शहर त्याला मामा म्हणायचं, पण त्याची खरी भाची एकच होती आणि नेमकी तीच त्याचं ऐकत नसे.

मामा नगरपालिकेचा अध्यक्ष होता आणि रंगाच्या दुकानाचा मालक. जन्मभर रंग विकून त्याचं एक मत पक्कं झालं होतं. भिंतीला ओल असो, भेग असो, की शेजारच्या कारट्याने लिहून ठेवलेलं काही असो, वरून एक चांगला हात मारला की अडचण दिसत नाही. आणि जी दिसत नाही ती अडचण कसली?

भाचीचं काम बरोबर याच्या उलटं. तळ्याकाठच्या जुन्या पंपघरात प्रयोगशाळेच्या दोन खोल्या होत्या. तिथे ती तळ्याच्या गाळाचा अभ्यास करायची. होडीतून जाऊन लांबलचक काचेची नळी तळात खुपसायची, गाळाचा अख्खा खांब वर काढायचा, तो थराथराने कापायचा, हुंगायचा, तपासायचा. लोक तिला ‘गाळवाली’ म्हणत. तिच्या अंगाला कायम डबक्याचा वास येतो अशी मामीची तक्रार होती, पण जेवताना मामी तिला बसवून घ्यायची ती स्वतःच्याच शेजारी.

तळं मोठं, पण उथळ. उंच माणूस चालत पलीकडे गेला असता; मध्येच कमरेपर्यंत गाळात रुतला असता म्हणून कुणी गेलं नव्हतं, एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या शहराचं सांडपाणी आणि साबणाच्या कारखान्याचं फेसाळ पाणी एका नाल्याने या तळ्यात येत होतं. ‘नाला बंद करतो’ एवढ्या एका बोलीवर मामा निवडून आला. आणि त्याने शब्द पाळला. नाल्याच्या तोंडावर भिंत घातली, सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र उभारलं. मग सगळं शहर काठावर बसून तळं निवळायची वाट बघू लागलं.

तळं काही निवळेना. उन्हाळा आला की पाणी पुन्हा हिरव्या ऑइलपेंटसारखं दाट व्हायचं आणि काठच्या घरांना खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. मामा गुपचूप नाला उघडतो अशी कुजबुज सुरू झाली. विरोधी पक्षाचा पुढारी दातांचा डॉक्टर होता. तो भर सभेत म्हणाला, “अध्यक्ष म्हणतात, किडका दात काढला. मग तोंडाला वास कसला येतोय?”

सभा खो खो हसली. मामाच्या मनाला ते फार लागलं. कारण दात त्याने खरोखरच काढला होता. त्याने नाल्याच्या भिंतीवर पहारेकरी बसवला. मग साबणाच्या कारखान्यावर संशय घेतला, मग गाड्या धुणाऱ्यांवर, आणि शेवटी बदकांना दाणे टाकणाऱ्या बायकांवर.

एका दुपारी जेवताना भाची म्हणाली, “मामा, चोर बाहेर शोधू नकोस. तो घरातच बसलाय.”

“कोण?” मामाने नकळत मामीकडे पाहिलं.

“गाळ. इतकी वर्षं आपण तळ्यात फॉस्फरस ओतला. साबणातला, मैल्यातला, खतातला. तो गेला कुठे? खाली बसला. गाळात लोखंड असतं, त्याने तो धरून ठेवलाय.”

“मग धरू दे की बिचाऱ्याला.”

“धरतं ना. गाळाच्या वरच्या पापुद्र्याला प्राणवायू मिळतोय तोवर धरतं. उन्हाळ्यात वारा पडला, पाणी तापलं, की तळाशी प्राणवायू संपतो. मग लोखंडाची मूठ सुटते. फॉस्फरस वर पाण्यात येतो, शेवाळ त्याच्यावर पोसतं, मरतं, खाली जातं आणि कुजता कुजता उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. की पुन्हा मूठ सुटली.”

“आपल्या कपाटासारखंच झालं हे,” मामी म्हणाली. “बाहेरून नवं काही आणलं नाही तरी दार उघडलं की जुनं अंगावर कोसळतं.”

मामाने घास खाली ठेवला. “म्हणजे मी सभेत उभा राहून सांगू, की लोकहो, नाला बंद आहे, पण तुमच्या आज्याची घाण वर येतेय?”

“खरं तेच आहे.”

“खरं आहे म्हणूनच सांगता येत नाही!”

भाचीकडे उपायही होता. तुरटी. तुरटीचं पाणी तळ्यात सोडलं की कापसासारखे पुंजके बनतात, पाण्यातला फॉस्फरस आणि शेवाळ पकडून खाली बसतात आणि गाळावर पातळ साय धरतात. प्राणवायू संपला की लोखंड मूठ सोडतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम सोडत नाही. पंपघरातल्या नळ्यांमध्ये तिने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. आता तिला तळ्याचा फक्त एक कोपरा हवा होता. पूर्वी मुलांना पोहायला शिकवायला दगडी बांध घालून वेगळा केलेला, काठावरच्या नगरपालिकेच्या गच्चीच्या अगदी समोरचा. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी होकार दिला होता, मासे मरू नयेत म्हणून किती सोडा मिसळायचा त्याचंही गणित तयार होतं. अडलं होतं ते अध्यक्षांच्या संमतीपाशी.

“तळ्याला तुरटी?” मामा म्हणाला. “दाढी करायचीय का त्याची? तो दातवाला मला शहरभर ‘तुरटीमामा’ करून सोडेल. विषय संपला.”

आणि तो खरंच संपला असता, पण त्या उन्हाळ्यात शहरांची पाहणी करून शेरे देणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. मंडळाची तपासनीस बाई तळं बघायला येणार, आणि तेही ऐन कडाक्याच्या उन्हात. ही बाई हसत नाही, चहा घेत नाही आणि रंग ताजा आहे का ते नखाने खरवडून बघते, अशी तिची ख्याती होती.

थोड्याच दिवसांनी मामीने भाचीला दुकानामागच्या गोदामात बोलावून घेतलं. गोदामात निळ्या झाकणाची पिंपं ओळीने उभी होती.

“तुझ्या मामाने तळ्यात टाकायचा निळा रंग मागवलाय,” मामी म्हणाली. “शोभेच्या हौदांत टाकतात तो. सगळं तळं नाही, ती बाई गच्चीवरून बघेल तेवढा कोपरा. पहाटे गुपचूप ओतायचं ठरलंय.”

भाचीचा आधी विश्वास बसेना, मग तिला हसू आवरेना. “हिरव्यात निळा घातला तर काय होईल ते रंगवाल्याला कळू नये?”

“त्याला वाटतं, भरपूर घातला की झाकलं जातं. तू हस बाई. उद्या हे उघडकीला आलं तर माणूस निवडणूक हरेल. आणि हरलेला नवरा कुठे बसतो ठाऊक आहे? घरात. दिवसभर. मला तो घरात नकोय.”

भाचीने एका पिंपाचं झाकण उघडून आत पाहिलं. मग भाची हळूच म्हणाली, “मामी, गोदामाची किल्ली कुणाकडे असते गं?”

“माझ्याकडे. का?” मामीने विचारलं, पण ‘का’ ते तिला कळलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर लग्नाआधीचं हसू पसरलं.

दुसऱ्या दिवशी मामा सभेत दातवाल्याशी भांडत असताना प्रयोगशाळेची गाडी गोदामाच्या मागच्या दाराशी लागली. दोघींनी नळी लावून निळा रंग रिकाम्या पिंपांत काढला आणि मूळ पिंपांत तुरटीचं दाट पाणी भरलं. वर थोडासा निळा पुन्हा ओतला, मामाने झाकण उघडून पाहिलं तर खात्री पटावी म्हणून. सोड्याची पिंपं वेगळी ठेवली आणि त्यांच्यावर मामीने ठळक अक्षरांत लिहिलं, ‘प्रायमर’. काम झालं, पण मामीची बोटं निळीच राहिली. संध्याकाळी मामाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पेन फुटलं.” आयुष्यात तिने कधी पेनाने काही लिहिलेलं मामाने पाहिलं नव्हतं. पण त्याचं लक्ष तळ्यात होतं.

होडीसाठी मामाला भाचीकडेच यावं लागलं. पंप बसवलेली होडी शहरात तेवढी एकच. तो पंपघरात आला, नळ्यांतल्या गाळाकडे कौतुकाने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, “पहाटे जरा फिरवून आण ना मला तळ्यात. हवा खायला.”

“या तळ्यात? हवा खायला?”

मामाने दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. भाचीने शोभेल तितका विरोध केला. हे बरोबर नाही म्हणाली. लोकांना फसवणं आहे म्हणाली. तेवढं बोलताना तिला आतून कुठेतरी टोचलं, कारण वाक्य खरं होतं आणि ते नेमकं कुणाला लागू होतं हे सांगणं अवघड होतं. मग ती म्हणाली, “पण तू स्वतः होडीत यायचंस. अध्यक्ष म्हणून. आणि हा कोपरा द्यायला तुझी काही हरकत नाही, एवढं तोंडाने म्हण.”

“काही हरकत नाही, काही हरकत नाही,” मामा म्हणाला. “घे कोपरा. तुला काय हवं ते घे.”

ठरलेल्या पहाटे तळ्यावर धुकं होतं. होडी वल्हवायला प्रयोगशाळेचा नावाडी होता. तो फक्त पाण्याविषयी बोलायचा आणि तेही क्वचित. आधी सोडा सोडला. ‘प्रायमर’ हा शब्द वाचून मामा खूश झाला. “बघ, कंपनी चांगली आहे. प्रायमरशिवाय रंग धरत नाही हे त्यांना कळतं.” मग त्याने पहिल्या पिंपाचं झाकण उघडलं, आतला निळा पाहून मान डोलावली आणि पंपाची नळी स्वतः हातात घेतली. होडी पुढेमागे फिरू लागली. मामा बागेला पाणी घालावं तसा हलक्या हाताने तळ्याला रंग देत होता.

थोड्या वेळाने तो वाकून बघू लागला. “अगं, हे नासल्या दुधासारखं काय दिसतंय?”

“रंग धरतोय,” भाची म्हणाली आणि चटकन तोंड वळवलं.

“नासलंय,” नावाडी म्हणाला.

“तू गप रे,” दोघं एकदम म्हणाली.

मामा घरी जाऊन झोपला. दुपारी उठून, ऐटीत, मामीला घेऊन गच्चीवर आला तर तिथे आधीच माणसं गोळा झालेली. भाची कठड्याशी उभी होती. मामाने खाली पाहिलं.

बांधाच्या पलीकडे तळं नेहमीसारखं हिरवंगार. बांधाच्या अलीकडे मात्र पाणी नव्हतंच, असं वाटत होतं. इतकं नितळ, की बदकांच्या पायांच्या सावल्या तळावर पडत होत्या. तळाशी फिकट निळसर सायीचा थर होता आणि बाकी निळ्याचा मागमूस नव्हता.

मामा भाचीच्या कानाशी लागला. “माझा निळा गेला कुठे?”

“खाली बसला.”

“खाली? मी खालून रंगवायला सांगितलं होतं का?”

पण कुणाचंच लक्ष त्याच्याकडे नव्हतं. पाणी नितळ झालं की तळ दिसतो, हे शहराने विचारात घेतलेलं नव्हतं. सायीतून अर्धवट वर आलेल्या पालिकेच्या खुर्च्या होत्या. सायकली होत्या. ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी होती, तीही टाकलेली. लोहार आपली हरवलेली ऐरण ओळखून ओरडला. निवृत्त मुख्याध्यापिकेला शाळेची घंटा दिसली आणि तिने वळून दोन प्रतिष्ठित गृहस्थांकडे असं पाहिलं, की ते पन्नाशीचे असूनही एकमेकांच्या मागे लपले.

मग मामाला चकाकणारं काहीतरी दिसलं. तो ट्रम्पेट होता. त्याचा ट्रम्पेट, जो तो काही वर्षांपूर्वी रोज सकाळी वाजवायला शिकत होता, आणि जो एके दिवशी खिडकीतून चोरीला गेला म्हणून त्याने पोलिसांत तक्रार केली होती.

त्याने मामीकडे पाहिलं. मामी आभाळाकडे बघत होती.

“आज ढग छान आलेत, नाही?” मामी म्हणाली. आभाळात एकही ढग नव्हता.

तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी आल्या. चहा नको म्हणाल्या. गच्चीवरून बराच वेळ खाली बघत राहिल्या. मामाने आठवडाभर आधीच जागून भाषण तयार केलं होतं, त्यात ‘निळाई’ हा शब्द जागोजागी होता; आता ते सगळं वाया गेलं होतं. दातवालाही आला होता, तोंडात काहीतरी बोचरं घोळवत.

“बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी एकच?” बाईंनी विचारलं.

“एकच,” मामा म्हणाला.

“मग या बाजूला काय केलंत?”

मामाने दीर्घ श्वास घेतला. “आधी प्रायमर मारला,” तो म्हणाला आणि थांबला. त्याने भाचीकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं.

“तुरटी,” भाची म्हणाली. “सोडा घालून. गाळातला फॉस्फरस वर येऊ नये म्हणून. अध्यक्षांनी स्वतः, आपल्या हाताने सोडली.”

मामाच्या चेहऱ्यावरून त्या क्षणी इतके रंग गेले, की त्याच्या दुकानातल्या नमुन्यांच्या पुस्तकातही नसतील. पिंपं, प्रायमर, मामीची बोटं, ‘घे कोपरा’, सगळं एकामागोमाग त्याच्या ध्यानात आलं. पण तो राजकारणात मुरलेला होता. त्याने खाकरून मान डोलावली. “प्रयोग म्हणून,” तो म्हणाला. “आधी एका कोपऱ्यात.”

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. “अध्यक्ष स्वतः पहाटे होडीत गेले?”

“गेले,” नावाडी मागून म्हणाला.

“पाणी चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “तळ लाजिरवाणा आहे. आणि तो लपवलेला नाही, हे मी पहिल्यांदाच बघतेय.” त्या हसल्या नाहीत, पण जाताना त्यांनी पाणी मागितलं. शहरासाठी तेवढंही पुष्कळ होतं. दातवाला आपला टोमणा तसाच गिळून घरी गेला.

घरी मात्र स्फोट झाला. “मला फसवलंस! सख्ख्या मामाला!”

“तू शहराला फसवायला निघाला होतास, मामा.”

“मी फक्त दिसण्यापुरतं करत होतो! तू तर खरंच केलंस!”

या वाक्यात काहीतरी चुकतंय हे त्याच्याही ध्यानात आलं, म्हणून तो आणखी चिडला. मग तो मामीकडे वळला. “आणि तू! ट्रम्पेट!”

“तुम्ही सकाळी वाजवायचात, अहो,” मामी शांतपणे म्हणाली. “एकच सूर. तोही दरवेळी वेगळा.”

मामा बरेच दिवस भाचीशी बोलला नाही. काही सांगायचं असलं की नावाड्याकरवी निरोप पाठवायचा, आणि नावाडी त्यातला निम्मा निरोप वाटेत टाकून द्यायचा. भाचीलाही चैन पडेना. तुरटीचा प्रयोग मामाच्या डोळ्यांत धूळ न टाकता करायला हवा होता, हे तिला कळत होतं. पण मामाने ऐकलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. शेवटी ती दुकानात गेली आणि गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “विचारून करायला हवं होतं.”

“विचारलं होतंस,” मामा भिंतीकडे बघत म्हणाला. “मी नाही म्हणालो होतो.” मग डब्यांची ओळ सारखी करत, “पुन्हा समजावून सांग ते. लोखंडाचं.”

तिने सांगितलं. या वेळी त्याने प्रश्न विचारले आणि ते चांगले होते. “मग सगळ्या तळ्याला लावू ना,” तो म्हणाला.

“एवढं सोपं नाही. मोकळ्या तळ्यात वारा गाळ ढवळतो, तळ उकरणारे मासे आहेत, साय फाटते. नाल्याच्या तोंडाशी गाळ इतका जाड आहे की तो उपसायलाच हवा. काठावर लव्हाळे लावायला हवेत. आणि काही वर्षांनी हे पुन्हा करावं लागेल.”

“वर्षं?”

“जितकी वर्षं ओतलं त्याच्या मानाने कमीच.”

मामा हसला. फार दिवसांनी, आणि जरा भीतिदायक. पुढच्या सभेत त्याने उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की नाला बंदच आहे, घाण गाळातून येतेय, आणि ती आपणा सगळ्यांचीच आहे, त्यात आपल्या दुकानाचीही आहे. मग मामाने ठराव मांडला: तळ्याची समिती नेमावी आणि तिची प्रमुख गाळवाली असावी. तळ्याविषयीची प्रत्येक तक्रार, प्रत्येक वास, प्रत्येक मेलेला मासा यापुढे थेट तिच्याकडे. ठराव एकमताने मंजूर झाला. खुर्चीवर बसताना मामाने भाचीकडे पाहून डोळा मारला, तेव्हा तिला कळलं की फिट्टंफाट झाली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाल्याच्या तोंडाशी गाळ उपसायचं यंत्र लागलं. कोपरा नितळ राहिला, तळं अजून हिरवंच होतं, आणि तक्रारींना तोटा नव्हता. सगळ्यात पुढे होते निवृत्त न्यायाधीश. ते रोज सकाळी बांधावर येऊन मोकळ्या तळ्याच्या बाजूला घरातला चमचा पाण्यात सोडायचे आणि तो कुठपर्यंत दिसतो ते बघायचे.

भाचीने त्यांना एकदा रंगेहाथ पकडलं. “आजोबा, आम्ही तळ उपसतोय आणि तुम्ही भरताय?”

“तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही,” न्यायाधीश ताठ उभे राहून म्हणाले. “मी स्वतः पुरावा बघतो. पण सुनेच्या लक्षात आलंय, चमचे कमी होताहेत.”

भाचीने पंपघरातून दोरी बांधलेली काळी-पांढरी तबकडी आणून त्यांच्या हातात दिली. ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, आणि हे महत्त्वाचं, ती परत वर ओढून घ्यायची. न्यायाधीशांनी तबकडी उलटसुलट करून पाहिली, वजन बघितलं, दोरीची गाठ ओढून बघितली. मग वाकून ती हळूच पाण्यात सोडली.

“दिसतेय,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “अजून दिसतेय.” आणि मग एकदम वळून म्हणाले, “तुम्ही जरा बाजूला व्हा बघू, तुमची सावली पडतेय.”